एक बाजू कापा, दुसरी बाजू वाचा : गंजलेली एमजीबी घरी दुरुस्त करताना

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बघायला गेलात की आधी इंजिन सुरू करू नका, रंगाकडेही पाहू नका. खाली बसा आणि दाराच्या मागे, मागच्या चाकाच्या पुढे जो अरुंद पत्रा खाली उतरतो, त्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. चांगला पत्रा टण वाजतो. पुटी भरलेला पत्रा मुका असतो, भिंतीवर वाजवल्यासारखा. त्या वीतभर पत्र्यावरून उरलेल्या गाडीचा बराच अंदाज येतो, कारण त्याच्या आत सिलचं मागचं टोक दडलेलं असतं. दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी म्हणजे सिल. या गाडीला वेगळी चासी नाही. सिल हाच तिचा कणा.

मी पोटापाण्यासाठी संगणकावर बसतो. इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहतो आणि घरामागच्या, एकच गाडी मावेल अशा गॅरेजात १९७३ची एमजीबी जीटी उभी करायला मला अडीच वर्षं लागली. सुरुवात केली तेव्हा वेल्डिंगची टॉर्च कधी हातात धरलेली नव्हती. खाली लिहिलंय ते अशाच कोऱ्या हातांसाठी आहे. गाडी दुसरी असली, म्हणजे ट्रायम्फ असो की जुनी माझदा, तरी पाणी साचायच्या जागा बदलतात, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

हीच गाडी का

एमजीबी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त. एवढ्या संख्येमुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. १९८८पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्याच साच्यांवरून तिची अख्खी नवी बॉडी बनवते. म्हणजे तुम्ही कितीही चुकीचं कापलंत, तरी तो तुकडा नवा विकत मिळतो. नवशिक्याला यापेक्षा मोठा दिलासा नाही. आज गुजरातेत हलोलला एमजी नावाच्या एसयूव्ही बनतात, पण नाव सोडलं तर त्यांचं हिच्याशी काही नातं नाही.

नातं आहे ते ॲम्बॅसिडरशी. आपल्या ॲम्बॅसिडरमध्ये अनेक वर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' घराण्यातलं. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं थोरलं भावंड. माझ्या कोल्हापूरच्या मामाने आयुष्यभर ॲम्बॅसिडरची टॅक्सी चालवली. मी त्याला व्हिडिओ कॉलवर इंजिन दाखवलं, तर तो पत्ता विचारल्याशिवाय घरात शिरावं तसा बोलू लागला. "अरे, ते टॅपेटचं झाकण काढ, डावीकडून मोज." त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत मी कधी एकटा नव्हतो. पत्र्याच्या बाबतीत मात्र होतो.

उघडी गाडी घ्यायची की छपराची? दिसायला उघडी सुंदर, प्रश्नच नाही. पण पहिलीच गाडी असेल तर छपराची जीटी घ्या. सिल कापल्यावर उघड्या गाडीची बॉडी मधोमध वाकायला टपलेली असते, जीटीचं छप्पर तिला बरंचसं धरून ठेवतं. शिवाय जीटी स्वस्त मिळते.

बघायला जाताना

फ्रिजवरचं पातळ चुंबक, टॉर्च, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि एक जुनी चटई घेऊन जा. त्याआधी घरूनच एक काम करा. ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकला की मागच्या वार्षिक तपासण्यांचे निकाल दिसतात. त्यात 'गंज' हा शब्द कुठल्या जागेसाठी, किती वेळा आणि कधी अचानक गायब झाला ते वाचा. एका वर्षी सिलला भोक आहे आणि पुढच्या वर्षी काहीच नाही, तर दुरुस्तीचं बिल मागा. बिल नसेल तर दुरुस्ती कशी झाली असेल ते ओळखा.

ही दुरुस्ती बहुधा 'झाकण सिल' असते. कुजलेल्या सिलवर नवा पत्रा गुंडाळायचा, कडेने वेल्ड मारायचे, वर काळं डांबरी लेपण. बाहेरून नवी कोरी, आत गंजाचा भुगा, आणि दोन पत्र्यांच्या मधे पाण्याला कायमचं घर. माझ्या गाडीवर पूर्वी कुठल्याशा गॅरेजने हेच केलेलं होतं. ओळखायचं कसं? पुढच्या मडगार्डचं खालचं टोक जिथे सिलला टेकतं तिथे दोन पत्र्यांचा सांधा दिसायला हवा. तिथे सगळं सपाट, सलग असेल तर वरून काहीतरी चढवलंय.

मग चटई टाका आणि आडवे व्हा. सिलच्या आतल्या बाजूला, खालून, किल्ल्याच्या तटासारखी खाचाखाचांची पट्टी जाते. इकडचे लोक तिला 'कॅसल रेल' म्हणतात. ती शाबूत असेल तर गाडी घेण्यासारखी आहे. ती स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर बिस्किटासारखी ढासळत असेल, तर काम दुप्पट आणि भाव त्या मानाने खाली आला पाहिजे. मागच्या पाटा स्प्रिंगचं पुढचं टोक बॉडीला जिथे अडकवलेलं असतं ती जागा नीट तपासा. तिथे गंज म्हणजे मागचा ॲक्सल सुटायची भीती. बॅटरी या गाडीत सीटच्या मागे, जमिनीखालच्या पेटीत असते. १९७४पर्यंत सहा सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्यानंतर बारा व्होल्टची एक. ॲसिड आणि पाणी दोन्ही झेललेल्या या पेट्यांचे तळ बहुतेक गाड्यांत केव्हाच गेलेले असतात. त्याने घाबरू नका, त्या पेट्या तयार मिळतात आणि बसवायला सोप्या आहेत.

शेवटची परीक्षा मालकाला विचारून करा. एका बाजूचं पुढचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत जॅकने उचला आणि त्या बाजूचं दार उघडून मिटून पाहा. दार आधीसारखंच मिटलं तर कणा धड आहे. दार घासलं, कुलूप लागेना, दाराच्या मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद झाली, तर गाडी तुमच्या डोळ्यांसमोर वाकते आहे.

क्रोम, सीट, डॅशबोर्डची चीर, रेडिओ, यांतलं काहीही पाहून गाडी घेऊ नका. ते सगळं कॅटलॉगमध्ये मिळतं.

जागा आणि हत्यारं

गॅरेजात गाडीच्या एका बाजूला तरी दार पूर्ण उघडेल एवढी जागा हवी. मी गाडी एका भिंतीला चिकटवून उभी करायचो, बाजू बदलायची वेळ आली की ढकलून दुसऱ्या भिंतीला. त्यासाठी ती शेवटपर्यंत चाकांवर राहिली पाहिजे, आणि याच कारणाने मी म्हणतो की गाडी पूर्ण खोलू नका. अख्खी गाडी खोलून खोकी भरून ठेवणारे आणि मग ती खोकी विकणारे लोक इकडे भरपूर आहेत. अर्ध्यावर सोडलेल्या गाडीची जाहिरात लगेच ओळखू येते: 'सगळे भाग आहेत असं वाटतं.'

पाने मिलिमीटरचे नकोत, इंचाचे घ्या. अर्धा इंच, सात-सोळांश आणि नऊ-सोळांश या तीन मापांवर निम्मी गाडी खुलते. चार दणकट ॲक्सल स्टँड, ट्रॉली जॅक, साडेचार इंची अँगल ग्राइंडर, ड्रिल, आणि मिग वेल्डर, म्हणजे वेल्डची तार आपोआप पुढे सरकवणारा. वेल्डर गॅसवाला घ्या. बिनगॅसचा स्वस्त पडतो, पण पातळ पत्र्यावर त्याचे शिंतोडे आणि भोकं पाहून नवशिक्याला वाटतं की आपल्याला हे जमणारच नाही. आर्गॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, ०.६ मिलिमीटरची वायर, आणि आपोआप काळा होणारा चेहऱ्याचा मुखवटा. क्लॅम्प जेवढे आहेत त्यापेक्षा चार जास्तच लागतील.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. यात मत-मतांतर नाही.

आधी इंजिनाचा आवाज ऐका

पत्रा कापण्याआधी इंजिन चालू होतं का ते पाहा. दोन वर्षं वेल्डिंग करून मग कळलं की ब्लॉक फुटलाय, तर जीव जाईल. बरीच वर्षं उभ्या गाडीला थेट चावी मारायची नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस विसरून जा. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने फिरवा. अडकलं तर जोर करू नका, आणखी तेल, आणखी दिवस. मोकळं फिरलं की ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं पेट्रोल पूर्ण काढा, आणि प्लग न लावताच स्टार्टरने फिरवत राहा. मीटरवर ऑइलचा दाब दिसला की मगच प्लग बसवा.

१९६७च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या बरोबर उलट. बॅटरी लावण्याआधी तारा कुठे जातात ते पाहा.

टॅपेटची, म्हणजे व्हाल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली, फट थंड इंजिनावर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. मी ती काटेकोर घट्ट धरून बसलो होतो. मामा म्हणाला, "टॅपेट थोडे वाजले तर वाजू देत. जे ऐकू येत नाहीत त्यांची काळजी कर." फट कमी पडली तर गरम झाल्यावर व्हाल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो. हे नंतर मी पुस्तकात वाचलं, पण मामाचं वाक्य जास्त लक्षात राहिलं.

इंजिन पाच मिनिटं चाललं, धूर बेताचा आहे, ऑइलचा दाब आहे, एवढं पुरे. बंद करा. बॅटरी काढून घरात ठेवा. पेट्रोलची टाकी मागे डिकीच्या तळाखाली बोल्टने लटकवलेली असते, ती रिकामी करून काढा आणि गॅरेजच्या बाहेर न्या. टाकी काढली की वरच्या अंगावर ओल्या मातीचा थर सापडेल. टाकी वरून कुजते, खालून नाही, कारण तळ आणि टाकी यांच्यामधल्या फटीत माती अडकते आणि ती कधीच वाळत नाही.

पाणी कुठे थांबतं

इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते चिखलात मिसळून चाकांच्या कमानीत उडतं, आणि मीठ हवेतला ओलावा खेचत राहतं. रत्नागिरी-मालवणच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की कोकणात खारं वारं गाडीला बाहेरून खातं, इथे मीठ पोकळ्यांत जाऊन आतून खातं. म्हणून बाहेर रंगावर फोड दिसला म्हणजे आतून तो पत्रा संपत आलेला असतो.

पुढचं मडगार्ड बोल्टने लावलेलं आहे. ते काढलंत की चाकाच्या मागे मूठमूठ चिखल मिळेल. तिथे चिखल अडवायला एक आडवा पत्रा असतो, त्याच्या कडेचं रबर झिजलं की चिखल त्यामागे जाऊन सिलच्या पुढच्या तोंडावर बसतो. सिलचं पुढचं टोक तिथून कुजायला लागतं. मागचं टोक मागच्या चाकाने उडवलेल्या पाण्याने. मधला भाग बऱ्याचदा ठीक असतो आणि तोच बघणाऱ्याला दिसतो.

सिल

आता खरं काम. नियम एकच आहे आणि तो मी मोडला होता: एका वेळी एकच बाजू उघडायची. माझं उजवं मडगार्ड निघालं आणि उत्साहात मी डावंही काढलं, त्या बाजूचं झाकण सिलही उपटलं. मग उजवीकडे नवा पत्रा लावताना प्रश्न पडला की ही कड आतल्या पट्टीच्या वर जाते की खाली, आणि बघायला दुसरी बाजू उरलीच नव्हती. पुस्तकातल्या चित्रात नेमका तोच कोपरा सावलीत असतो. डावी बाजू हा तुमचा नकाशा आहे, फक्त आरशातला. ती उजवी पूर्ण होईपर्यंत कापू नका. फोटो काढाच, प्रत्येक जागेचे तीन कोनांतून आणि शेजारी पट्टी धरून. पण फोटोत बोट घालून कड चाचपता येत नाही.

गाडी सपाट जमिनीवर, वजन चाकांवर किंवा चाकांच्या अगदी जवळ ॲक्सलखाली स्टँड देऊन ठेवा. मधोमध आधार देऊन पुढचं-मागचं लोंबकळत ठेवलंत तर गाडी त्याच आकारात वेल्ड होईल. उघडी गाडी असेल तर दाराच्या बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आडवा आधार बोल्टने आवळा, जीटीलाही दिलात तर नुकसान नाही. मग दाराभोवतीची फट तीन ठिकाणी मोजून चिकटपट्टीवर तिथेच लिहून ठेवा. हे तीन आकडे पुढचे अनेक आठवडे तुमचे देव आहेत. कारखान्यातल्या दाराच्या फटीही कधी फार नेमक्या नसत, तेव्हा आदर्श फट शोधू नका. फक्त ती हलू देऊ नका.

सिल एका पत्र्याची नाही. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल. नवशिके बाहेरचा पत्रा बदलून थांबतात. ताकद मात्र तिघे मिळून पेटी बनवतात त्यात आहे, आणि मधला पडदाच सगळ्यात जास्त कुजलेला असतो, कारण तो कोणाला दिसत नाही. मागचं टोक मोकळं करायला दारामागचा तो वीतभर पत्रा, ज्यावर आपण सुरुवातीला टकटक केली, कापून काढावा लागतो. तो वाचवायच्या नादात सिलचा मागचा भाग अर्धवट सोडणं ही सगळ्यात जास्त केली जाणारी लबाडी. त्याचाही तुकडा तयार मिळतो. कापा.

कापताना नेहमी कमी कापा. नवा पत्रा हातात आल्याशिवाय जुना काढू नका, कारण नवा पत्रा जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच कापायचं असतं. आधी बाहेरचा पत्रा, मग गंजाचा भुगा झाडून आत काय उरलंय ते पाहा, मग पडदा. आतला पत्रा आणि कॅसल रेल वायर ब्रशने चमकेपर्यंत घासा, हातोडीच्या टोकाने ठोका. टिकले तर राहू द्या. गेले असतील तर एकदम सगळं न काढता फूट-दीड फूट कापून, नवा तुकडा जोडून, मग पुढचा फूट. आतला पत्रा आणि पडदा दोन्ही नाहीत अशी गाडी एक रात्रही सोडू नका.

कारखान्यात हे पत्रे स्पॉट वेल्डने, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी, जोडलेले होते. घरी ते यंत्र नसतं, म्हणून वरच्या पत्र्याच्या कडेला दर इंचावर सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडायची, दोन्ही पत्रे घट्ट आवळायचे आणि प्रत्येक भोकात खालच्या पत्र्यापासून सुरू करून वेल्ड भरायचं. जमलं की नाही हे ओळखायचा एकच खात्रीचा उपाय आहे. त्याच जाडीचे दोन टाकाऊ तुकडे असेच जोडा आणि छिन्नी घालून उपटा. वेल्डचा ठिपका स्वच्छ सुटून आला तर ते नुसतं चिकटलेलं होतं, करंट वाढवा. ठिपक्यासकट खालच्या पत्र्याला भोक पडलं, पत्रा फाटला पण वेल्ड सुटलं नाही, तर तुम्ही गाडीला हात लावायला पात्र झालात. मला तिथे पोचायला तीन रविवार लागले. फाटलेल्या तुकड्यांचा ढीग पाहून बायकोने विचारलं होतं, "गाडी हीच का?"

सलग रेघ ओढू नका. एका टोकाला एक टाका, दुसऱ्या टोकाला एक, मग मधे. रजई टाचतात तसं. पत्रा हात लावण्याइतका गार झाल्याशिवाय शेजारचा टाका नाही. एक मिलिमीटरचा पत्रा उष्णतेने पापडासारखा उचलतो आणि मग तो कशानेच बसत नाही. पक्कं वेल्ड करण्याआधी क्लॅम्पवरच सगळं बसवा, दार लावा, मडगार्ड नुसतं टेकवून पाहा, फटीचे आकडे तपासा. मग चार टाके, पुन्हा आकडे. कंटाळा येतो. येऊ दे.

वेल्डिंगच्या जागेभोवतीचं डांबरी लेपण, गालिचा, आवाज रोखणारे नमदे आधीच खरवडून काढा, ते पेटतात आणि धूर विषारी असतो. गॅल्व्हनाइज्ड पत्रा जाळू नका. अग्निशामक हाताच्या अंतरावर, ओलं फडकं आणि पाण्याची बादली शेजारी. शेवटचा टाका मारल्यावर एक तास गॅरेजातच दुसरं काहीतरी करत राहा आणि नाक उघडं ठेवा. आग वेल्डिंग करताना लागत नाही, आपण जेवायला गेल्यावर लागते.

उरलेला पत्रा

सिल जमली तर बाकीचं हाताचा मळ आहे. जमिनीचा पत्रा, बॅटरीच्या पेट्या, डिकीचा तळ, सगळं त्याच पद्धतीने. स्प्रिंग अडकवायच्या जागेचं काम मात्र मी स्वतः केलं नाही, एका अनुभवी वेल्डरला गाडी नेऊन दाखवली आणि त्याच्याकडून करून घेतलं. जिथे चूक झाल्यास चाक निखळतं तिथे शिकाऊ हात नको.

गंज 'बदलणारी' रसायनं मिळतात, फॉस्फरिक किंवा टॅनिक ॲसिडवाली. पृष्ठभागावरच्या तांबूस गंजावर ती छान काम करतात. पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर ती ओतणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला वॉर्निश. पत्रा पातळ झालाय का हे स्क्रूड्रायव्हरच सांगतो.

वेल्ड घासून सपाट केल्यावर त्याच दिवशी प्रायमर लावा. उघडा पत्रा इथल्या दमट हवेत एका रात्रीत लाल होतो. जोडल्यावर ज्या कडा दिसणार नाहीत, त्यांना वेल्डिंग सहन करणारं जस्ताचं प्रायमर आधीच लावून घ्या. त्यानंतर सांध्यांवर सीलर, त्यावर रंग, आणि सगळ्यात शेवटी पोकळीत मेण. लांब नळी घालून सिलमध्ये मेण फवारायचं, नळी हळूहळू बाहेर ओढत, भोकांतून थेंब गळेपर्यंत. मेण शेवटीच, कारण ते पेटतं, आणि रंगाआधी लावलंत तर रंगावर माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. सिलच्या तळाची निचऱ्याची भोकं मात्र सीलरने बुजवू नका. माझ्या गाडीची भोकं आधीच्या कोणीतरी मन लावून बुजवली होती.

रंगाबद्दल थोडक्यात: दोन भाग मिसळून मारायच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट असतात. त्यांना साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा लागतो. शेजारी लहान मुलं असलेल्या घरी हे करू नका. प्रायमरपर्यंतचं काम आणि घासणं घरी करा, पॉलिशपेपरला कितीही वेळ लागो तो फुकट आहे, आणि रंग पेंटरकडून मारून घ्या. मी तेच केलं.

ब्रेक, वायरिंग, पेट्रोल

ब्रेकच्या बाबतीत कंजुषी नको. पुढे डिस्क, मागे ड्रम. रबरी नळ्या, चाकांजवळचे सिलिंडर, धातूच्या नळ्या, सगळं नवं. नळ्या तांबं-निकेलच्या घ्या, त्या गंजत नाहीत आणि हाताने वाकतात. ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग सोलतं, लगेच पाण्याने धुवा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या झोताने उडवूही नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगची इकडे भरपूर टिंगल होते. माझ्या मते निम्मी टिंगल अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टची व्हायला हवी. दिवा मंद लागतो, एक इंडिकेटर लावला की दुसराच लुकलुकतो, तर आधी काळी तार जिथे बॉडीला लागते तिथला रंग आणि गंज घासून काढा. तारांचे रंग पाठ करा: तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी तीच, पण फ्यूजमधून, जांभळी फ्यूजमधून कायम जिवंत, काळी अर्थ. एवढ्या पाच रंगांवर बहुतेक दोष सापडतात.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात तर आता वीस टक्के. जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात, तडकतात आणि गरम इंजिनावर गळतात. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवा. टायरची नक्षी छान दिसली तरी कडेवरचा चार अंकी आकडा वाचा: २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांवरचा टायर बदला.

रस्त्यावर

चाळीस वर्षं ओलांडलेल्या आणि गेल्या तीस वर्षांत मोठे फेरफार न झालेल्या गाडीला ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणी सक्तीची नाही, म्हणजे असे फेरफार न झालेली कुठलीच एमजीबी नियमाने अडत नाही. तरी पैसे भरून तपासणी करून घ्या. तुमचं वेल्डिंग ज्याच्याशी तुमचं काही देणंघेणं नाही अशा माणसाने टॉर्च मारून पाहिलेलं बरं. माझ्या बाबतीत त्याने एक हँडब्रेकची केबल काढून दाखवली, जी मी उलटी घातली होती.

पहिल्या फेऱ्या घराभोवती, दहा मैलांच्या आत. परत आलात की प्रत्येक चाकाला हात लावा. एकच चाक जास्त गरम असेल तर तिथला ब्रेक अडकतोय. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनना ग्रीस भरा आणि पुढे दर तीन हजार मैलांनी भरत राहा, ते कोरडे पडले की स्टिअरिंग जड होतं आणि लोक उगाच दुसरीकडे दोष शोधतात. शंभर मैलांनंतर चाकांचे, सस्पेन्शनचे आणि मडगार्डचे बोल्ट पुन्हा एकदा आवळा.

मग एक तांब्याभर पाणी घ्या आणि काचेच्या पुढे जी हवेची जाळी आहे त्यात ओता. ते पाणी आतल्या रबरी नळीतून गिअरबॉक्सच्या बाजूने खाली जमिनीवर पडलं पाहिजे. नळी पानांच्या कुजक्या लगद्याने तुंबली असेल तर तेच पाणी पावसाळ्यात तुमच्या पायांपाशी, नव्या पत्र्यावर, नव्या गालिच्याखाली साचेल. मी ओतलं आणि खाली वाकून वाट पाहत बसलो. अर्धा मिनिट काहीच नाही. मग आधी एक काळं पान आलं, आणि त्यामागून पाणी.